उचललेलं पुस्तक

पुस्तकाचं नाव मी लिहीत नाही. औशाच्या आमच्या वाचनालयात ते आहे, मी तिथला ग्रंथपाल आहे आणि ते कुणी मागायला येऊ नये असं मला वाटतं. ग्रंथपालाला हे शोभत नाही, माहीत आहे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आमच्याकडे वाचकांची बैठक असते. प्रत्येकाने आपल्या जन्माआधीचं एक आवडतं पुस्तक निवडायचं आणि वर्षातून एकदा ते इतरांना सांगायचं. ते त्याचं पुस्तक. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. माणूस गेला, तर उरलेल्यांपैकी एकाने ते उचलायचं आणि गेलेल्याच्या ठरलेल्या रविवारी सांगायचं. शिकलेली माणसं असले नियम का करतात कोण जाणे, पण मीही हात वर केला होता.

व्यंकटराव पोस्टातून निवृत्त झालेले. किडकिडीत अंग, बारीक आवाज. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. आजारपणाची रजासुद्धा त्यांनी कधी खोटी घेतली नाही. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती, त्यामुळे अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची हा विषय निघाला की माणूस उखडायचा. आम्ही तो मुद्दाम काढायचो.

त्यांचे जिवलग म्हणजे गुरुबसप्पा, मोंढ्यातले आडते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. धान्याचे लिलाव पुकारून पुकारून आवाज असा झालेला की खालच्या रस्त्यावर ऐकू जावा. तीस वर्षं दोघं बैठकीत शेजारी-शेजारी बसले.

मी नाव लिहीत नाही ते पुस्तक अप्पांचं, एक जुनी कादंबरी. बाप मुलाला घराबाहेर काढतो. बऱ्याच वर्षांनी एका सकाळी कडी वाजते. बाप उठतो, दारापर्यंत जातो आणि परत येऊन बसतो. इथं अप्पा चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवायचे आणि थांबायचे. मग म्हणायचे, "बाप बरोबर हाय. लई बरोबर हाय."

पुढे त्यांची मुलगी सृष्टी व्यंकटरावांच्या समाजातल्या मुलाशी लग्न करून गेली. अप्पांनी तिला दार बंद केलं. व्यंकटराव एकदाच समजवायला गेले. अप्पा म्हणाले, "दोस्ती दोस्तीच्या जागी, व्यंकट. पोरीचं नाव काढू नको." पुढच्या बैठकीला दोघं पुन्हा शेजारी! मला दोघांचाही राग आला होता, आजही येतो. त्या पानावरचं अप्पांचं थांबणं मात्र दरवर्षी लांबत गेलं.

अप्पा गेले आणि पुस्तक व्यंकटरावांनी उचललं. पहिल्याच वर्षी ते सांगू लागले आणि माझ्या अंगावर काटा आला. बारीक आवाजाचा पत्ता नाही. खोलीत मोंढा बोलत होता. ते पान आलं, हात चष्म्याकडे गेला, चष्मा टेबलावर पालथा. नंतर मी चेष्टा केली, "काय हो, अंगात आलं का काय?"

ते खवळले. "पाठांतर हाय, शेषेराव! तीस वर्षं ऐकलंय मी."

अप्पांच्या पत्नी जगदेवी त्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पुढच्या वर्षीही आल्या. डोळे मिटून ऐकायच्या आणि कुणाशी न बोलता जायच्या.

तिसऱ्या वर्षी चष्मा पालथा झाला आणि जगदेवी उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. एरवी त्या व्यंकटरावांना भावजी म्हणतात. "सृष्टी यायचं म्हणायलीय. लेकराला घेऊन. तुम्ही न्हाई म्हणला होता. बोलावू का तिला?"

नवरा गेल्यावरही त्या बाईने त्याचा शब्द मोडला नव्हता, आणि आता परवानगी मागायला त्याच्याकडेच आली होती. व्यंकटराव आता म्हणतील, 'वहिनी, मी व्यंकट हाय.' याची मी वाट पाहत होतो. त्यांचे ओठ हलले.

"बोलाव," मोंढ्यातला आवाज म्हणाला. "बोलाव गं तिला."

जगदेवी खाली बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या.

आठवड्याच्या आत सृष्टी आली. नातीला कडेवर घेऊन जगदेवींना बाजारात हिंडताना मी स्वतः पाहिलं. इतका आनंद झाला मला, की तडक व्यंकटरावांच्या घरी गेलो. म्हटलं, "जन्मात एकदाच खोटं बोललात, पण काय झकास बोललात!"

ते हसले नाहीत. पुस्तक त्यांनी कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवलं होतं. ते माझ्यापुढे सरकवलं.

"हे परत घ्या. मी आता सांगणार न्हाई."

"का?"

"अप्पा जायच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात होतो. माझा हात धरून म्हणले, मी गेल्यावर बी पोरीला उंबरा चढू देऊ नको, वचन दे. मी दिलं."

"मग मोडलंत. बरंच केलंत की!"

व्यंकटराव बोलले तेव्हा आवाज त्यांचाच होता, बारीक, आणि कापत होता.

"मी मोडलं न्हाई, शेषेराव. वहिनींनी विचारलं तवा 'नको' म्हणायला तोंड उघडलं होतं मी."