डबा उघडून बघणारे

आमच्या अहमदपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. सर्व्हरवरच्या सगळ्या माहितीची रोजची प्रत ते नॅस नावाच्या काळ्या पेटीत साठवतात. मी तिला डबा म्हणतो, कारण त्यापलीकडे मला काही कळत नाही.

दर सोमवारी ते शेंगदाणे खात त्या डब्यातून मूठभर फायली काढतात आणि एकेक उघडून बघतात.

एकदा मी म्हणालो, "अहो, ठेवलंय ना नीट? मग उकरताय कशाला?"

"सर, घरचं सोयाबीन पेरायच्या आधी ओल्या पोत्यात दाणे गुंडाळून बघता का न्हाई? ठेवलंय म्हणून उगवतंय थोडंच!"

आमच्या घरी ते पोतं बायको भिजवते, हे मी सांगितलं नाही.

परवा सर्व्हर बंद पडला. पोरांचे प्रॅक्टिकलचे गुण त्यातच होते आणि संध्याकाळपर्यंत विद्यापीठाला पाठवायचे होते. नाहीतर पोरांचा निकाल अडकणार. गृहस्थांनी डब्यातली प्रत दुसऱ्या मशीनवर चढवायला घेतली. आम्ही प्राध्यापक मागे उभे राहून सूचना देत होतो; सगळ्यात जास्त आणि सगळ्यात निरुपयोगी सूचना माझ्या.

"पेरलंय, सर. आता उकरू नका," ते म्हणाले.

पडद्यावर एक नाव आलं, मग दुसरं, मग गुणांसकट अख्खा वर्ग. त्यांनी शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली.

या सोमवारी मी न बोलावता त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली. त्यांनी माऊस माझ्याकडे सरकवला.

"उघडा, सर. कुठलीबी."