कुंड्यांतलं नवं

सत्तरच्या दशकात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मला एक प्रश्न दिला. भाताचं रोप खताविना उपाशी ठेवलं आणि त्याच्या नातवाला, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या रोपाला, पोटभर खत घातलं, तरी नातवाचा दाणा हलकाच भरेल का? वाण तोच, बी तेच. अशा वारशासाठी 'एपिजेनेटिक्स' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सुटीत कॉलेजात पाणी घालायला कोणी नसायचं, म्हणून कुंड्या भिवपुरीजवळ आमच्या घरामागे ठेवल्या. वजनं मात्र प्रयोगशाळेतल्या तराजूवरच.

त्याआधी मला कारखान्यात चिकटण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. आता एम.एस्सी. करायचं होतं, पुढे संशोधन. सर म्हणाले होते, "नातवांच्या लोंब्या आण, मुंबईत तुझ्यासाठी शब्द टाकतो." त्या आशेवर मी सव्वा वर्ष काढलं.

घरी एवढंच बजावलं होतं की कुंड्यांना गुरं लागू देऊ नका. कशासाठी, ते सांगितलं नाही. यांना काय कळणार, हा माझा शहाणपणा.

दसऱ्याला आमच्याकडे दाराला भाताच्या लोंब्यांचं नवं बांधतात आणि नव्या तांदळाची खीर देवाला दाखवतात. तिसऱ्या वर्षी, नातवांना लोंब्या आल्या तेव्हा, मी दसऱ्याच्या सकाळीच कॉलेजातून घरी आलो आणि दुपारी खीर दोनदा मागून घेतली. हात धुवायला उठलो तर दारावर आंब्याच्या पानांत बांधलेली लोंबी दिसली. तिला माझा खुणेचा लाल दोरा होता.

"शेतातलं अजून कच्चं हाय रं," बाबा म्हणाले. "तुझं पिकलं व्हतं. परवाच कापून वाळवलं. देवाला पयलं तुझंच दिलं."

सगळ्या कुंड्यांचं भात एकत्र कांडलं होतं. मला राग आला होता, पण त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मी हात धुवायला निघालो.

सरांना मी सांगितलं, उंदरांनी खाल्लं. "पुन्हा लाव," ते म्हणाले. पुन्हा लावायचं तर तीन पिकं हवी होती, आणि माझी परीक्षा सहा महिन्यांवर होती. मुंबईचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

मी खोपोलीला कारखान्यात लागलो. बॉयलरचं पाणी तपासायचं, रोज तेच. नातवाचा दाणा हलका भरतो की नाही, मला कधीच कळलं नाही.

बाबा मात्र पुढे दर दसऱ्याला पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या पोरानं कॉलेज शिकून कुंडीत नवं पिकवलं." माझ्या शिक्षणाचं एवढंच फळ त्यांनी पाहिलं, आणि त्यांना ते पुरलं.