परातीतलं पिवळं पाणी

माझ्या भावाला कावीळ झाली होती आणि मी त्याच्याशी खोटं बोलले.

आज गणेशला जाऊन वर्ष झालं.

काल मैत्रिणीने एका हॉरर सिनेमाची लिंक पाठवली. आजारी मुलगी, मांत्रिक, अंगारा. "तू सायन्स टीचर, तुला आवडेल."
वीस मिनिटांत बंद केला.
त्यातल्या मांत्रिकाला बघूनच भीती वाटते. आमच्या नेकनूरकडे कावीळ उतरवणारे मामा तसे नाहीत. मऊ बोलतात. नारळसुद्धा घेत नाहीत.

तीन रविवार जायचं असतं.
पहिल्या रविवारी मामांनी गणेशच्या हातांना कसलासा रस चोळला. मग परातीत चुन्याच्या निवळीने हात धुतले.
पाणी पिवळंधमक.
आई म्हणाली, "बघ, लई निघाली!"
गणेश बायकोला म्हणाला, "रेखा, आपल्या हळदीलाबी एवढा रंग न्हवता."

तो रस आंब्याच्या झाडाच्या सालीचा. चुना लागला की पिवळा होतो. कुणाचेही हात धुवा.
हा प्रयोग मी दरवर्षी नववीच्या वर्गात करून दाखवते.

रेखा हळूच म्हणाली, "बीडला दवाखान्यात दाखवू का? ताई म्हनतील तसं."
गणेश हसला. "सांग की ताई, तुझी केमिस्ट्री काय म्हनती?"

मी म्हणाले, "उतरतीय."

का म्हणाले?
आईसमोर वाद नको म्हणून? तो कितीतरी दिवसांनी हसला म्हणून?
की क्षणभर मलाही वाटलं, असेलही खरं?
हा शेवटचा प्रश्न झोपू देत नाही.

दर रविवारी रस कमी चोळायचा असतो; तिसऱ्या रविवारी पाणी जवळजवळ नितळ निघालं. आईने पेढे वाटले.
मंगळवारी गणेशने मला ओळखलं नाही.
बीडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"
लिव्हर संपलं होतं. चार दिवसांत गेला.

आज सकाळी रेखाला सगळं सांगायला फोन केला. मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "ताई, तुमी व्हतात म्हनून धीर व्हता."
मी 'हो' म्हणून फोन ठेवला.

रेखा, हे असं सगळ्यांसमोर लिहिणं बरोबर का, कळत नाही. पण एकटीला सांगितलं असतं तर तू माझीच समजूत काढली असतीस.
मामांना बोल लावू नकोस. ते त्यांच्या वडिलांनी शिकवलं तसं करत होते.
मला माहीत होतं.

गणेश, श्रद्धांजली हा शब्द माझ्याच्याने लिहवत नाही.
नीट जा रे.