मंगळवार, तीन ते चार

आमच्या बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला सल्ला दिला नाही, आणि तरीही निम्मं नागपूर त्यांच्या सल्ल्यानं चालत होतं. तुम्ही त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच. ‘तुले काय वाटते?’ समाजकार्याच्या कॉलेजात त्या आम्हाला गटकार्य शिकवायच्या आणि वस्तीत प्रत्यक्ष कामाला घेऊन जायच्या. तेव्हा हे वाक्य अभ्यासक्रमातलं आहे अशी माझी समजूत होती. पुढे त्यांची मदतनीस झाले तेव्हा कळलं की बाई घरीही अशाच. एकदा त्यांच्याबरोबर प्रतापनगरहून ऑटोनं निघाले होते. ऑटोवाल्यानं साधं विचारलं, कोणत्या रस्त्यानं घेऊ? बाई म्हणाल्या, ‘तुम्हाले काय वाटते?’ त्या माणसाला इतक्या वर्षांत कुणी हे विचारलंच नसावं. त्यानं ऑटो कडेला घेतला, आणि पुढची पंधरा मिनिटं आम्ही त्याच्या सासुरवाडीची हकीकत ऐकली. बाईंचे यजमान तर या बाबतीत सिद्ध पुरुष झाले होते. भाजी कोणती आणू हे ते स्वतःलाच विचारत, स्वतःच उत्तर देत आणि पिशवी घेऊन निघत.

दुसरं वेड खुर्च्यांचं. रांगेत मांडलेल्या खुर्च्या पाहिल्या की बाईंना करमायचं नाही. समोरच्याच्या टकलाशी किती वेळ बोलणार, असं त्या म्हणत. भाचीच्या लग्नात मंगल कार्यालयात शिरल्या शिरल्या त्यांनी दहा-बारा खुर्च्या ओढून गोल केला. त्यात वराचे काका आणि वधूचे मामा नेमके समोरासमोर आले. मानपानावरून सकाळपासून दोघांचं बोलणं बंद होतं. बाई मध्ये नुसत्या बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. गप्प बसणं हे त्यांचं खरं हत्यार. आपल्याला कुणी दोन मिनिटं गप्प बसलेलं सोसत नाही, आपण लगेच हवापाण्याचं काढतो. बाई वीस मिनिटं गप्प बसू शकत, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगात याहून महत्त्वाचं काही चाललेलं नाही. शेवटी मामांनाच राहवलं नाही. जेवणं गार झाली, पण दोघं एकाच टेबलावर जेवले.

तिसरं त्यांचं घड्याळ. जरीपटक्याच्या अलीकडच्या एका वस्तीत, बुद्धविहाराच्या सभागृहात, दर मंगळवारी तीन ते चार आमचा गट भरायचा. ज्यांच्या घरी मनाच्या आजाराचं माणूस आहे अशा लोकांचा. सात-आठ जण यायचे. बाई मनगटावरचं घड्याळ काढून सगळ्यांना दिसेल असं मध्ये सतरंजीवर ठेवत, आणि चार वाजले की उचलत. कुणी हुंदके देत असलं तरी म्हणत, ‘राहिलेलं पुढच्या मंगळवारी.’ मला ते फार निष्ठुर वाटायचं. त्या म्हणायच्या, ‘दुःखाले संपायची वेळ ठरवून दिली, तं माणूस त्याच्याजवळ बसाले भीत नाही वं.’ पण एक गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. तासभर पोळ्या, पाहुणे, गुडघेदुखी असं बोलणारी माणसं खरं ते वाक्य उठल्यावर, दाराशी चपला शोधताना बोलतात. बाई त्याला ‘चपलेतलं वाक्य’ म्हणत. आम्हाला परीक्षेत हा शब्द लिहायची मनाई होती.

सुमनताई गटात यायला लागून दोन महिने झाले होते. पन्नाशीच्या, कपडे शिवून घर चालवणाऱ्या. दाराजवळची जागा धरून बसायच्या, उजवी मूठ घट्ट मिटलेली, आणि त्यांची पाळी आली की ‘माझं ठीक आहे’ म्हणायच्या. त्यांचा मुलगा पवन आजारी आहे, औषध चालू आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. एका मंगळवारी चार वाजायला आले, लोक उठले, आणि सुमनताई चपलेत पाय घालता घालता खाली बघून म्हणाल्या, ‘बाई, मी त्याले आत ठेवून बाहेरून कुलूप लावून येतो. एकदा रुळावर जाऊन उभा राह्यला होता, तवापासून.’ मूठ उघडली. आत किल्ली होती.

मी बाईंकडे पाहिलं. आज तरी घड्याळ राहू देतील अशी माझी खात्री होती. बाईंनी घड्याळ उचललं. म्हणाल्या, ‘चार वाजले, सुमनताई. पुढच्या मंगळवारी इथूनच सुरू करू.’

मला रात्रभर चीड येत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पराक्रम केला, जो फक्त आमच्या धंद्यातली शिकाऊ माणसंच करू शकतात. बाईंना न सांगता मी सुमनताईंच्या गल्लीत गेले. घर सापडेना, तेव्हा नळावरच्या बायांना विचारलं, ‘ज्यांचा मुलगा घरात कोंडलेला असतो, त्या सुमनताई कुठे राहतात?’ मदत करायच्या घाईत माझ्या तोंडून हे असंच्या असं निघालं. त्यांतली एक म्हणाली, ‘पवन तं पुण्याले नोकरीवर आहे म्हनते ना ते?’ दुसरी हसली. गल्लीला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि ते नळावर कुणी बोलणं वेगळं. घर नळासमोरच निघालं. सुमनताई दारात आल्याच होत्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘म्याडम, मी तुमाले सांगितलं होतं. गल्लीले नाही.’ आणि दार लावलं.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. बाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, ‘गटाले सांग.’ मी सांगितलं, मान खाली घालून. रेल्वेतून निवृत्त झालेले वानखेडे काका, ज्यांची बायको वीस वर्षं आजारी होती, म्हणाले, ‘बेटा, इथं तोंड उघडाले मले दीड वर्ष लागलं. अन् ते गोष्ट तू बाहेर नेली.’ मग गटानं ठरवलं की कुणी त्यांच्या दारात जायचं नाही. काकांनी फोन करायचा, आणि फक्त इतकंच सांगायचं, तुमची जागा आहे, पवनजवळ बसायला कुणी हवं असेल तर येऊ, पण विचारल्याशिवाय येणार नाही.

तीन मंगळवार गेले. काका फोन करत, पलीकडून ‘हो’ म्हणून फोन ठेवला जाई. मला एकच भीती होती, की सुमनताई आता कधीच कुठे बोलणार नाहीत, आणि ते कुलूप आयुष्यभर तसंच राहील, माझ्यामुळे. तिसऱ्या मंगळवारी चार वाजून गेले, सगळे गेले, तरी बाई बसूनच होत्या. मी विचारलं, ‘बाई, त्या आल्याच नाहीत तर?’ मला वाटलं, आता उलटा प्रश्न येणार. बाई म्हणाल्या, ‘तुझ्या आधी माझी चूक आहे. त्या दिवशी पाच मिनिटं द्यायले पायजे होती. तिनं कुलूप काढलं, अन् मी घड्याळ पाहून राहिली होती.’ बाईंनी मला दिलेलं हे पहिलंच सरळ उत्तर. ते ऐकायला लागू नये म्हणून मी काहीही दिलं असतं.

चौथ्या मंगळवारी दुपारी गट जमत असतानाच काकांच्या फोनवर सुमनताईंनी विचारलं, ‘बसाले कोण येईन?’ आता गंमत अशी, की इतके दिवस सगळे हिरीरीनं ‘आम्ही येऊ’ म्हणत होते, आणि त्या क्षणी प्रत्येकाला आपलं काम आठवलं. कुणाचा दवाखाना, कुणाची पेन्शन. बाई उठल्या, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘मी जातो. गट तू चालव.’ मी म्हटलं, मला जमेल का? त्या वळल्याही नाहीत. ‘तुले काय वाटते?’

त्या दिवशी सुमनताई सव्वातीनला आल्या. माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्यापासून लांब, काकांच्या शेजारी बसल्या. सगळ्यांत आधी म्हणाल्या, ‘दार उघडं आहे घरचं,’ आणि मग कितीतरी वेळ बोलल्या. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

पुढे दीड-दोन वर्षं बाई मंगळवारी तिथेच जायच्या. काय करता तिथे, मी एकदा विचारलं. ‘काही नाही. तो बोलत नाही, मी विचारत नाही. कधी तुरीच्या शेंगा सोलतो दोघं.’ मग जरा हसून म्हणाल्या, ‘इतके गट चालवले, पण असा शांत गट नाही पाह्यला.’ तीनच्या सुमारास पवन आपण होऊन दारात येऊन उभा राहायचा आणि बाई दिसल्या की आत जायचा. उंबऱ्याच्या बाहेर तो एकटा कधीच गेला नाही.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. सकाळी चहा पिता पिता, इतक्या अचानक की यजमान हाका मारत बसले. त्यानंतरच्या मंगळवारी गटापुढे एकच प्रश्न होता, पवनला कुणी सांगायचं. सुमनताई म्हणाल्या, ‘माह्याच्यानं होत नाही.’ मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘म्याडम, तुम्ही जाल का?’

त्या गल्लीत मी दुसऱ्यांदा गेले. दार उघडं होतं आणि पवन दारात उभा होता. मी सांगितलं, ‘पवन, बाई आता येणार नाहीत. बाई वारल्या.’ तो रस्त्याकडे पाहत राहिला, मग आत जाऊन खाटेवर बसला. मी समोरच्या खुर्चीत बसले. पुढचं सगळं बोलणं मी वाटेत ठरवून आणलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आलं नाही, आणि मी रडायला लागले. त्यानं काही विचारलं नाही, नजरही हटवली नाही. पुष्कळ वेळानं तो उठला, पंख्याचं बटण दाबलं, आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला.