पाच रौंड

बंदूक हातात आली की हवालदार आधी तिचा बोल्ट ओढून बाहेर काढीत, नळीच्या मागच्या भोकाशी अंगठ्याचं नख धरीत आणि पुढच्या तोंडाला डोळा लावीत. नखावर पडलेला उजेड नळीभर पसरतो आणि आतलं सगळं दिसतं. मग एक शब्द यायचा. "साफ." नाहीतर, "घाण." तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हता.

आता बंदूक काही रोज हातात येत नाही. त्यामुळे ही परीक्षा ते भेटेल त्या पोकळ वस्तूची घेत. तांब्या, किटलीची तोटी, माझी दौत, एकदा तर आमच्या शाळेचा बिगुल. तो त्यांनी दोन बोटांत धरून मला परत दिला आणि बोटं धोतराला पुसली. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. जगातली घाण त्याला आपल्या आधी दिसते आणि तो ती सांगितल्याशिवाय राहत नाही. असा माणूस कुणालाच आवडत नाही. मलाही सुरुवातीला आवडला नव्हता.

पेन्शनीच्या कचेरीला इंग्रजी अर्ज लिहून घ्यायला ते माझ्याकडे येत. त्यांची पलटण सरकारने लढाईनंतर मोडली होती. बसऱ्याच्या चिखलात तुर्कांशी लढून आलेला हा माणूस रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, दीड खोलीच्या घरात राहत होता. जातीने महार. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. त्यांच्या निम्म्या वयाचा मी त्यांना अरेतुरे करायचो. आता लिहिताना 'ते' म्हणतो आहे. फार उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, पण असू द्या.

बाजारातल्या चहावाल्याकडे त्यांच्या लोकांसाठी टवके उडालेले दोन कप बाहेर खुंटीला टांगलेले असत. हवालदारांनी त्यांना कधी हात लावला नाही. राखेने घासून चकचकीत केलेला स्वतःचा टमलर ते पिशवीतून काढीत आणि चहा वरून ओतून घेत. "असल्या उष्ट्या कपात मी न्हाय पीत," ते म्हणत. जणू काही बंदी त्यांनीच घातली होती, चहावाल्यावर.

त्या सुमारास आमच्या तालमीत निशाणबाजीची शाखा काढायचं ठरलं. अध्यक्ष वकीलसाहेब, चिटणीस मी. परवाना वकीलसाहेबांच्या नावाने मिळाला, आणि बंदूक बाळगायला त्यांचा माणूस म्हणून माझं नाव त्यावर चढलं. फौजेच्या चालू काडतुसाची बंदूक आम्हां लोकांना ठेवता येत नसे. पण लढाईत शत्रूकडून हाती लागलेल्या जुन्या बंदुका मुंबईत एका दुकानदाराकडे स्वस्तात निघाल्या होत्या. आमच्यात बंदुकीतलं कळणारा कोणीच नव्हता. वकीलसाहेबांना फक्त वाघाची कातडी माहीत होती, तीही विकत घेतलेली.

मी हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, "निवडून दीन. पैसं नको."

"मग काय हवं?"

"पाच रौंड. निवडीन त्या बंदुकीतनं मना पाच रौंड झाडाया द्या."

पलटण मोडल्यापासून त्यांनी बंदूक खांद्याला लावली नव्हती. वकीलसाहेब हसून म्हणाले, "अरे, पाच काय, दहा झाड." हवालदार म्हणाले, "पाच म्हंजे पाच."

पावसाळा सरून आगबोट सुरू झाली तसे आम्ही तिघे मुंबईला गेलो. दुकानदाराने टेबलावर बंदुका ओळीने मांडल्या. वकीलसाहेबांनी पहिली उचलली ती लाकडावर ताजं रोगण चढवलेली, लालबुंद दस्त्याची. हवालदारांनी ती घेतली, नख लावलं आणि खाली ठेवली. "भाएरनं नवरी हाय. आत घाण." दुसरीचं तोंड झिजलं होतं. कुणी अडाण्याने उलट्या बाजूने गज घालून ती वर्षानुवर्षं साफ केली होती. अशा बंदुकीची गोळी तोंडातून निघतानाच वाट चुकते, असं त्यांनी आम्हाला समजावलं. तिसरीच्या बोल्टवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी जुळेना. "दुसऱ्याची कवळी घातल्याली हाय तोंडात," म्हणाले. चौथी स्वस्तात स्वस्त आणि नळीही बरी, पण तिचं काडतूस मुंबईत मिळेल का असं त्यांनी विचारल्यावर दुकानदाराने विषय बदलला.

शेवटची बंदूक काळपट होती. दस्त्याचा टवका उडालेला, पट्ट्याची कडी वाकलेली. वकीलसाहेबांनी तिच्याकडे पाहून नाक मुरडलं. हवालदारांनी तिच्या नळीत डोळा लावला आणि काढीचनात. मग ती त्यांनी माझ्याकडे दिली. मी नख लावलं, तर म्हणाले, "मास्तर, आधी नख धुवा." माझ्या नखात शाई होती. दुकानदाराच्या मोरीवर जाऊन मी खरंच हात धुऊन आलो. आत पाहिलं तर गोळीला फिरकी देणारे आटे लखलखत वळत गेले होते, घासलेल्या समईसारखे.

"तुर्काची हाय," हवालदार म्हणाले. "आमच्याव झाडल्याली पन असंल. पन गडी साफ व्हता. रोज पुसलीय त्यानं."

तीच घेतली. आगबोटीच्या डेकवर हवालदार सगळ्यांपासून लांब, दोरखंडावर बसले होते. बंदुकीची पेटी आमच्याजवळ होती. तिच्यावरून त्यांची नजर रत्नागिरी येईपर्यंत हलली नाही.

पहिली चाचणी सड्यावरच्या जुन्या चिरेखाणीत घेतली. चिरे काढून उभी राहिलेली जांभ्याची भिंत, तिच्यापुढे फळी. वकीलसाहेबांनी तीन गोळ्या झाडल्या, मी दोन. मी जिथे धरलं तिथे माझी गोळी लागली, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. हवालदार पुढे झाले तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "तू आज नको. कोजागिरीनंतरच्या रविवारी समारंभ आहे. पाहुण्यांसमोर तुझे पाच. मान तुझा." हवालदारांनी मान डोलावली. त्यांना ते खरं वाटलं. मलाही वाटलं.

मग त्यांनी तीन दगड मांडून किटलीत पाणी उकळलं आणि ते कडकडीत पाणी बंदुकीच्या नळीतून सोडलं. "दारूचं मीठ ऱ्हातं आत. त्येला गरम पानीच लागतं, न्हायतर रातीत गंज धरतो." मग दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढली, एक, दुसरी, तिसरी, पांढरी बाहेर येईपर्यंत. शेवटी तेलाचा हात. इतकं निगुतीचं काम मी आमच्या देवघरातही पाहिलं नव्हतं. आमचे चार सभासद मात्र किटलीकडे बघत होते.

खंडेनवमीला तालमीत शस्त्रपूजा असते. लेझीम, लाठ्या, दांडपट्टे, आणि यंदा मारुतीपुढे बंदूक. आदल्या दिवशी कुजबुज सुरू झाली. हवालदाराचं पाणी बंदुकीच्या आतून गेलेलं आहे, आणि ती देवापुढे पाटावर ठेवायची? त्याने हात लावला ते एक वेळ पुसून काढता येईल. पण पाणी? भटजींना विचारलं. भटजींनी फार विचार केला, एवढा विचार त्यांनी कधी कुणाच्या लग्नाच्या मुहूर्ताचाही केला नसेल, आणि निर्णय दिला: विटाळ ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं शुद्धी जायला हवी.

म्हणजे पंचगव्य. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण, एका वाटीत कालवून, फडक्यातून गाळून. गाळून घेतलं यात भटजींना मोठं शास्त्र वाटत होतं.

आता लिहिताना मला शिसारी येते आहे, पण लिहितो. बंदूक उभी धरायला कोणीतरी हवं होतं. मी धरली. दोन्ही हातांनी, तोंड वर करून. भटजींनी पळीने पंचगव्य आत सोडलं आणि ते खालून ताम्हनात ठिबकायला लागलं. वकीलसाहेब हात जोडून उभे होते. मला कळत होतं. नळी म्हणजे काय हे त्या खोलीत मला एकट्याला कळत होतं, कारण मी नख धुऊन आत पाहिलं होतं. मी एवढंच म्हणालो, "आता पुसून घेऊ या ना?" भटजी म्हणाले, पूजेतली वस्तू हलवायची नाही. वकीलसाहेब म्हणाले, "पुसेल की तो हवालदार त्या दिवशी. त्याचं कामच आहे ते." नळीच्या तोंडात कुणी झेंडूचं फूल खोचलं. दस्त्याला हळदकुंकू लागलं. आणि त्या दमट आश्विनात ती बंदूक नऊ दिवस तशीच पाटावर पडून राहिली.

रविवारी हवालदार आले ते पलटणीचा कोट इस्त्री करून, बिल्ले लावून. दाढी ताजी, नखं कापलेली. चिरेखाणीत खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुणे बसले होते. बंदूक आणली. हवालदारांनी ती घेतली आणि सवयीने बोल्ट ओढला. तो येईना. दुसऱ्यांदा जोर लावल्यावर आला, आणि त्याबरोबर असा वास आला की पुढच्या रांगेतल्या दोघांनी नाकाला उपरणं लावलं. झेंडूच्या सडक्या पाकळ्या त्यांच्या कोटावर पडल्या. त्यांनी नख लावलं. आत पाहिलं.

"घाण," ते म्हणाले. आवाज इतका लहान की तो मलाच ऐकू आला. मग मोठ्याने, "ह्यात काय घातलंव?"

वकीलसाहेबांना पाहुण्यांसमोर काहीतरी बोलणं भाग होतं. ते बोलले. "काय घातलं म्हणजे? नळी साफ आहे म्हणून तूच निवडलीस ना ही? रोगणाची चांगली बंदूक सोडून? आणि पाणी तू ओतलंस तिच्यात, सगळ्यांनी पाहिलंय. पाण्याने लोखंड गंजतं हे शेंबडं पोरही सांगेल."

पाहुण्यांनी माना हलवल्या. पाण्याने लोखंड गंजतं, यात खोटं काय आहे? हवालदारांनी एकेकाकडे पाहिलं. नजर माझ्यावर आली तेव्हा मी फळीकडे बघत होतो. त्यांनी बंदूक टेबलावर ठेवली, कोटावरची पाकळी चिमटीत धरून खाली टाकली आणि निघाले. सलाम केला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, मस्ती बघा.

तो प्रसंग आठवला की वकीलसाहेबांचा, भटजींचा राग येतो, पण किळस येते ती माझीच. राग थंड होतो, किळस होत नाही.

चार दिवसांनी तालमीतून बंदूक घेऊन मी सड्यावर गेलो. परवान्यावर नाव असल्याने मला कोणी अडवलं नाही. खिशात पाच काडतुसं होती. हवालदार दारात बसून वाखाची दोरी वळत होते. त्यांना पाहिल्याची ही शेवटची वेळ. पुढच्या पावसाळ्यात तापाने गेले, आणि मला ते महिन्याभराने, पेन्शनीच्या कागदावरून कळलं.

"हवालदार," मी म्हणालो, "पंचगव्य ओतताना बंदूक मी धरली होती."

"ठावं हाय."

"कसं?"

"तुमी फळीकडं बगत व्हतात."

त्यांनी बंदूक घेतली. पाणी उकळलं. दोन किटल्या नळीतून गेल्या. पहिली चिंधी कशी निघाली त्याचं मी वर्णन करत नाही. सहावी सातवी तांबूस निघाली. आठवी पांढरी. मला उगाच आशा वाटली. त्यांनी नख धरून पाहिलं, आणि मग मला पाहायला दिलं. आटे होते, पण देवीचे वण पडलेल्या तोंडासारखे, खड्ड्यांनी भरलेले.

मी काडतुसं काढून तळहातावर पुढे केली. "हे तुमचे पाच. इथे कोणी नाही. झाडा."

ते काडतुसांकडे बराच वेळ बघत राहिले. उजवा खांदा किंचित पुढे आला, बंदूक घेताना येतो तसा. मी आजवर कुणाच्या तोंडावर इतकी इच्छा पाहिलेली नाही. मग खांदा मागे गेला.

"न्हाय मास्तर. घाण बंदूक मी खांद्याला लावत न्हाय."

"आता साफ केलीत ना तुम्ही?"

"वरनं. आत गेल्यालं निगत न्हाय." ते बंदुकीकडे पाहत म्हणाले, "तो तुर्क. माजा दुश्मन. चिखलात, गोळ्यांत ऱ्हावून त्यानं हिला आरशावानी ठेवली. आनि तुमी देवाफुडं ठेवून..."

बंदूक माझ्या हातात देऊन ते उठले. चुलीतली मूठभर राख घेऊन अंगणाच्या कडेला बसले आणि हात धुवायला लागले. बोटं, नखं, मनगटं, कोपरापर्यंत. घाईने नाही, रागानेही नाही. आमच्या वस्तूला हात लागला होता, म्हणून. जन्मभर मी आमच्या घरच्यांना असे हात धुताना पाहिलं होतं, पण ज्याच्यामुळे धुतात त्याच्या जागी बसून कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी तांब्या भरून आणला. "तुमीबी धुवा. आधी नखं."

मी राख घेतली आणि ओंजळ पुढे केली. त्यांनी पाणी सोडलं ते वरून, हातभर उंचावरून, तांब्या माझ्या हाताला लागणार नाही असं सांभाळून. आम्ही त्यांना देतो तसं.