दाराबाहेरच्या चपला

"मावशी, पोछा घेऊन या जरा. इथपासून तिथपर्यंत."

इथपासून म्हणजे काचेच्या दारापासून. तिथपर्यंत म्हणजे माझ्या पायांपर्यंत.

शहरातल्या जालना रोडवरच्या एका ऑफिसात मी उभी होते. अनवाणी. पांढऱ्या फरशीवर माझ्या पायांचे मातकट ठसे उमटले होते, दारापासून थेट साहेबांच्या टेबलापर्यंत. मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घरातली पहिली. रिसेप्शनच्या जागेची मुलाखत होती. टेबलामागच्या साहेबांनी माझी फाईल उघडली नाही. त्यांनी फरशी बघितली, मग माझे पाय बघितले, मग शेजारी बसलेल्या माणसाकडे बघितलं. तो माणूस हसला.

"चपला कुठं आहेत तुमच्या?"

"बाहेर काढल्या, सर."

"का? मंदिर आहे का हे?"

मावशी आल्या. ठसे पुसत पुसत माझ्यापर्यंत पोचल्या. "सरक गं बाई जरा," हळूच म्हणाल्या. मी सरकले. सरकले तिथं नवे ठसे. तेही त्यांनी पुसले. साहेब म्हणाले, "कळवतो." कळवलं नाही.

बाहेर आले तर चपला जागेवर नव्हत्या. वॉचमननं पायानं ढकलून कचऱ्याच्या डब्यामागं सारल्या होत्या. मी वाकून काढल्या.

माझे वडील मेंढरं राखतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो. देवगाव रंगारीच्या शिवारात आमची वस्ती. दुसऱ्याच्या दारात जायचं तर चपला काढून, ही आमच्याकडची रीत. पाटलांच्या ओट्यावर, बँकेत, शाळेत माझ्या मास्तरांना भेटायला, सगळीकडे दादा अनवाणीच आत गेले. मी त्यांचं बघून शिकले. ही रीत मान देण्याची होती की मान खाली घालण्याची, हे कधी विचारलं नाही. त्या दिवशी विचारायला पाहिजे होतं. मी दुसरंच ठरवलं. पुन्हा कुठंही चपला काढायच्या नाहीत. आणि वडील काय करतात असं कुणी विचारलं, तर शेती सांगायची.

याला मी हुशारी समजले.

पुढे मला टी.व्ही. सेंटरजवळच्या, पहिल्या मजल्यावरच्या एका केंद्रात काम मिळालं. बारावी झालेल्या पोरापोरींना पहिली नोकरी मिळवून देण्याचं काम. केंद्राच्या सरांनी मुलाखतीत माझी फाईल शेवटच्या कागदापर्यंत वाचली होती आणि आधी खुर्ची दिली होती. त्यांचे उपकार मी विसरले नाही. आजही नाही.

पोरं कन्नडहून येतात, गंगापूरहून येतात. एस.टी.नं, जीपमध्ये कोंबून. कुणाला दुकानात लागायचं असतं, कुणाला हॉटेलात, कुणाला वाळूजच्या कंपनीत. मी त्यांची खोटी मुलाखत घ्यायचे. मी साहेब, ते उमेदवार.

"गणेश, खाली काय बघतोस? समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं."

"मॅडम, साहेबाच्या डोळ्यांत बघितलं तर साहेब म्हनंल, पोरगं लई माजलंय."

वर्ग हसायचा. मीही हसायचे. त्याचं म्हणणं खरं होतं हे मला माहीत होतं.

काही चांगलं शिकवलं. वेळेवर पोचणं, मुद्द्याचं बोलणं, न घाबरता पगार विचारणं. पण सगळ्यात पहिला धडा चपलांचा. काहीही झालं तरी दारात काढायच्या नाहीत. दुसरा धडा, मेंढरं म्हणायचं नाही, शेती म्हणायचं. आणि तिसरं, मुलाखतीला आईवडिलांना वर आणायचं नाही. त्यांना खाली चहाच्या टपरीवर बसवायचं. हा नियम सरांचा नव्हता. माझा होता. माझे दादा गावाहून यायचे तेव्हा मीच खाली जाऊन त्यांना टपरीवर भेटायचे. म्हणायचे, वर लई गर्दी आहे, दादा. दादा म्हणायचे, व्हय, तू जा, कामाचा खोळंबा नको.

पोरांना नोकऱ्या लागत होत्या. पेढे यायचे. मी ते पेढे गोड मानून खाल्ले.

मग कोमल आली. गंगापूरकडची. तिचे आईवडील मेंढरं घेऊन फिरतीवर, ऊस तुटलेल्या रानांतून. ती मामाकडे राहून बारावी झालेली. पोरगी तरतरीत. एकदा बघितलेलं लुगडं पुन्हा कुठं दिसलं तर काठावरून ओळखायची. निराला बाजारातल्या कपड्यांच्या मोठ्या शोरूमला काउंटरवर मुलगी पाहिजे होती. हे काम तिच्यासाठीच होतं. आणि तिला ते लागणं गरजेचं होतं. चुलते स्थळ आणून बसले होते. एकटे तिचे वडील, आबा, अडून होते, "पोरीला नोकरीचं एकदा बघू तर द्या." नोकरी लागली नाही तर त्यांचंही कुणी ऐकणार नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी आबा आले. मेंढरं भावाच्या हवाली करून, पहाटेच्या जीपनं. लाल पटका, खांद्यावर घोंगडी. पोरगी कुठं उभी राहणार, ते त्यांना बघायचं होतं.

"काका, तुम्ही टपरीवर बसा," मी म्हणाले.

"व्हय ताई, बसतो की. जागा कशी हाय, तेवढं बघितलं असतं."

"नंतर बघू."

ते बसले. आम्ही पायऱ्या चढून वर शोरूममध्ये गेलो.

मुलाखत छान चालली. मॅनेजर तरुण होता, हसून बोलत होता. त्यानं साड्या दाखवल्या, तिनं कापड ओळखलं. वडील काय करतात, त्यानं विचारलं. "शेती करतात, सर." न अडखळता. मला बरं वाटलं.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. आबा. अनवाणी. हातात कोमलची पाण्याची बाटली. टपरीवरच्या बाकावर राहिली होती. दोन पावलं आत आले आणि थांबले. वर दिव्यांकडं बघितलं, साड्यांच्या भिंतीकडं बघितलं, मग लेकीकडं बघून हसले.

"ओ बाबा, कुठं? हे कोण?" मॅनेजरनं कोमलला विचारलं.

कोमलनं माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर अडलं की बघायची, तसं.

मी मान हलवली. किंचित. नाही, अशी.

"आमच्या गावचे आहेत, सर," कोमल म्हणाली. उच्चार स्वच्छ. मीच घासूनपुसून घेतलेले.

आबांनी ते ऐकलं. त्यांचं हसू तिथंच राहिलं, फक्त डोळे खाली गेले. "व्हय साहेब, गावचाच हाय. पोरीची बाटली ऱ्हायली व्हती." बाटली त्यांनी काउंटरवर नाही ठेवली. दाराजवळ खाली फरशीवर ठेवली आणि वळले.

मॅनेजर सफाईच्या बाईंना म्हणाला, "इथं पोछा मारून घ्या." मग माझ्याकडे वळून, "आज शोरूममध्ये मेंढरं यायचीच काय ती बाकी होती, मॅडम."

मी हसले.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. जालना रोडवरच्या ऑफिसात साहेबांच्या शेजारी बसलेला तो माणूस हसला होता ना, तसंच. आता त्याच्या खुर्चीवर मी बसले होते.

"पोरगी घेतो. सोमवारपासून पाठवा," मॅनेजर म्हणाला.

आम्ही बाहेर आलो. आबा दाराशी काहीतरी शोधत होते.

"चाचा, चप्पल उधर, कचरे के डब्बे के पीछे," वॉचमन म्हणाला.

आबा वाकले. डब्यामागून एक चप्पल काढली, मग दुसरी. कोमल भिंतीकडं तोंड करून उभी होती.

मी परत आत गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"आत्ता आले होते ते कोमलचे वडील. मेंढरं राखतात. तिला खोटं बोलायला मी शिकवलं. तुम्ही पोछा मारायला लावलात तो तिच्या बापाच्या पायांमागं. आणि मी हसले. मी हसायला नको होतं, तुम्ही बोलायला नको होतं."

मॅनेजर हसायचा थांबला. "म्हणजे मुलगी पहिल्याच दिवशी खोटं बोलली?"

"खोटं माझं आहे."

"मग तुमच्याकडची मुलं घ्यावी कशी आम्ही?" त्यानं उघडलेल्या साड्या बाजूला सारल्या. मग म्हणाला, "कळवतो."

तोच शब्द. मला त्याचा अर्थ माहीत होता.

पायऱ्यांवर कोमलला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "तुमाला बोलायचंच व्हतं तर आधी बोलायचं ना मॅडम. मला शिकवायच्या आधी. आता माझी नोकरी गेली. तुमची हाय की."

"ए, मॅडमला असं बोलू नगं," आबा म्हणाले. मग मला म्हणाले, "तिच्यावर राग धरू नका ताई. पोरगी खोटं नाय बोलली. गावचाच हाय मी."

आणि लेकीला घेऊन ते पायऱ्या उतरले.

मी खरं बोलले. मला हलकं वाटावं म्हणून बोलले का? हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. माझ्या खऱ्याची किंमत कोमलनं दिली, जशी माझ्या खोट्याची आबांनी दिली. मी दोन्ही वेळा नोकरीवरच होते.

शोरूममधून सरांना फोन गेलाच होता. सरांनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. "मी तुझ्यावर विश्वास टाकला होता. दुकानाचं दार आपल्याला बंद झालं. बाकीच्या पोरांचं काय? गरज काय होती?"

"सर, तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"मग?"

"मग काय. उपकार आहेत म्हणून मी पोरांना बाप लपवायला शिकवणार नाही."

सरांनी समोरची फाईल मिटली. "बघू," म्हणाले. काय बघणार ते अजून कळलेलं नाही.

कोमलची मी वर्गासमोर माफी मागितली. तिनं केलं नाही माफ. बरोबर केलं. ती शेवटच्या बाकावर बसते आणि माझ्याकडे बघत नाही. पण येते. चुलत्यांचा तगादा चालू आहे आणि आबा अजून अडून आहेत. सिडकोतल्या, गुलमंडीवरच्या दुकानांत मी तिच्यासोबत जाते. वडील काय करतात, असा प्रश्न आला की ती सरळ सांगते. दोन ठिकाणी समोरच्यांचा चेहरा बदलला. आम्ही उठून पुढच्या दुकानात गेलो. ती कामाला लागेपर्यंत मी जाणार आहे. ती बोलो न बोलो.

चपला काढायच्या की नाही, हे आता मी शिकवत नाही. ज्याचं त्यानं ठरवावं. पण ज्यानं काढल्या, त्याच्या चपला कुणी डब्यामागं सारायला लागलं, तर तिथं मी उभी असेन. पोछा मागवला, तर तो माझ्याकडे द्यावा लागेल. आणि मी पुसणार नाही.

टपरीचा नियम मी मोडला. सोमवारी माझे दादा गावाहून येणार आहेत. पायऱ्या चढून वर येतील आणि पहिल्या बाकावर बसतील, घोंगडी मांडीवर घेऊन. पोरांच्या आधी मी उमेदवाराच्या खुर्चीवर बसणार आहे. गणेशला सांगितलंय, विचार मला, वडील काय करतात. दादांच्या देखत मी उत्तर देईन.

सरांना हे चालणार नसेल तर त्यांनी मला सांगावं. दादांना खाली जायला कुणी सांगायचं नाही.