उंटाचा सत्कार

आता कुठल्या तोंडानं सांगू? पण चहा होईस्तोवर ऐकाच. जैसलमेरला जाऊन मी जी शोभा केली, ती आठवली की अजून मान खाली जाते.

शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालो, तेव्हा बायको, सुरेखा, म्हणाली, "मला एकदा वाळूत बसून सूर्य बुडताना बघायचाय. तुमी शेजारी पायजे." तीस वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेलं एवढंच! कॅलेंडरवरचं तसलं चित्र तिनं वर्ष संपलं तरी भिंतीवरून काढलं नव्हतं. मी लगेच डिसेंबरची तिकिटं काढली.

बॅग भरताना ती स्वेटर घेऊन आली.

"वाळवंटात स्वेटर? अगं, आपण सोलापूरची माणसं! आपल्याला उन्हाचं कोण शिकवणार?"

"आवं, तितं थंडी लई आसती म्हणं."

"म्हणणाऱ्याचं काय जातंय!"

स्वेटर कपाटात परत गेले. आणि मी काय घेतलं? दोन टोप्या, कोकम सरबताची बाटली आणि ऊन बाधू नये म्हणून खिशात ठेवायला चार कांदे. हसू नका! सुरेखानं मात्र गुपचूप बॅगेच्या तळाशी दोन चादरी घातल्या.

दुपारी पोचलो तर छान ऊन पडलेलं. "बघ!" म्हणालो. किल्ला बघितला, हवेल्या बघितल्या, सगळीकडं छाती काढून फिरलो. मुक्काम वाळूतल्या तंबूत होता, म्हणून बॅग घेऊन टेकड्यांकडं गेलो.

तिथला म्हातारा उंटवाला भारी प्रेमळ. त्यानं चहा पाजला आणि पैसे काही घेईना. आता सोलापूरच्या माणसाला असं कुणी भेटलं की काय होतं? हात आपोआप चादरीकडं जातो! आपल्याकडं बदली झाली चादर, निवडून आला चादर, पडला तरी चादर. मी भर वाळवंटात एक चादर म्हाताऱ्याच्या खांद्यावर घातली आणि दुसरी हातात दिली. "ये घरवाली के वास्ते!"

"आवं, एक तरी ठिवा की!" सुरेखा कानाशी पुटपुटली.

"कशाला? उकडून मरायचंय का?"

सूर्य कलला आणि माझे दात वाजायला लागले. हात खिशात घातले तर तिथं कांदे!

सुरेखाही कुडकुडत होती. म्हाताऱ्यानं ते बघितलं आणि आपल्या खांद्यावरची चादर काढून तिला दिली. आणि दुसरी? ती त्यानं कौतुकानं उंटाच्या पाठीवर पसरली होती.

"घरवाली तो गुजर गई, साहब. अब घर में यही है."

"मागून घ्या की," सुरेखा म्हणाली.

"सत्काराची चादर परत मागू? सोलापूरचं नाक जाईल!"

मग माझं डोकं चाललं. नाहीतरी ते नको तेव्हाच चालतं. "बाबा, एक चक्कर!"

"आवं, सूर्य बुडायलाय!"

"दोन मिनिटांत आलोच!"

उंटावर बसलो, बुडाखालची चादर ओढून काढली आणि डोक्यावरून घेतली. अहाहा! काय ती ऊब! उंट टेकडीमागं गेला. म्हाताऱ्यानं तीनदा विचारलं, "वापस चलें?" तिन्ही वेळा मी चादरीतूनच म्हणालो, "अभी नहीं."

परत आलो तेव्हा सूर्य कधीच बुडाला होता. सुरेखा साडीवरची वाळू झटकत होती. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईनं आयुष्यात एक मागितलं आणि मी तेवढंही दिलं नाही.

सोलापुरात आल्यावर शेजारच्या काकू फोटो बघायला आल्या. तिथल्या कुणीतरी काढून दिलेला एक फोटो होता. लाल सूर्य, वाळूत चादर लपेटून एकटी बसलेली सुरेखा आणि लांब कडेला पाठमोरा उंट.

काकूंनी डोळे बारीक केले. "सुरेखा, उंटावर हे गाठोडं कुणाचं गं?"

"माझंच की," ती म्हणाली. "तीस वर्सं वागवतीय."